शून्य आणि रिकामा रकाना

आमच्या शाळेत सायन्स ब्लॉकच्या मागे एक पर्जन्यमापक आहे. रोज सकाळी साडेआठला त्यातले पाणी मोजायचे आणि आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा, ही कॅडेट्सची आळीपाळीने ड्युटी असते. साडेआठच का, तर भारतीय हवामान विभागही देशभर चोवीस तासांचा पाऊस याच वेळी मोजतो. गेल्या ऑगस्टमध्ये माझी पाळी आली तेव्हा युनिट टेस्ट चालू होत्या. सोमवार ते शनिवार मी तिकडे फिरकलोच नाही. रविवारी गेलो तर आतली बाटली बरीच भरलेली. तो आकडा लिहिला असता तर एका दिवसात एवढा पाऊस कुठून आला, असे सरांनी विचारले असते. मी पाणी ओतून दिले, सहाही दिवसांपुढे शून्य लिहिले आणि खाली सही केली. त्या आठवड्यात दोनदा सकाळची पी.टी. पावसामुळे रद्द झाली होती. तरीही कुणी काही विचारले नाही.

या टर्ममध्ये कॉम्प्युटर क्लबमध्ये सरांनी आम्हाला एका वेगळ्या समर इंटर्नशिपची माहिती दिली आणि ते सहा शून्य मला पुन्हा आठवले.

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात बोल्डर नावाचे शहर आहे. तिथे वातावरणाचा अभ्यास करणारी ‘एनकार’ ही राष्ट्रीय संस्था १९६० साली स्थापन झाली. हवामानाची माहिती आणि ती वाचण्याची साधने विद्यापीठांना पुरवणारा ‘युनिडेटा’ हा कार्यक्रमही त्याच शहरातला. या दोन्ही ठिकाणी कॉलेजचे विद्यार्थी उन्हाळ्यात इंटर्न म्हणून काम करत आले आहेत. मला वाटले होते, ही मुले वादळांच्या मागे जीप पळवत असतील. प्रत्यक्षात ती टेबलाशी बसून प्रोग्रॅम लिहितात. तापमान आणि आर्द्रता दिली की दवबिंदू काढून देणारे फंक्शन नीट चालते का, आकड्यासोबत एकक लिहिलेले आहे का, नसेल तर प्रोग्रॅम तिथेच थांबतो का, असली कामे. ‘मेटपाय’ नावाचे त्यांचे सॉफ्टवेअर सगळ्यांना मोफत आणि खुले आहे. त्यात कुणीही बदल सुचवला तरी तो आधी चाचण्यांतून जातो आणि दुसरा माणूस तपासतो. मगच तो आत घेतला जातो. चूक निघाली तर ती सगळ्यांसमोर निघते आणि सगळ्यांसमोरच दुरुस्त होते.

मला सर्वांत जास्त शिकवले ते एका छोट्या गोष्टीने. युनिडेटाने तयार केलेली ‘नेटसीडीएफ’ नावाची फाइल-पद्धत जगभर हवामानाच्या आकड्यांसाठी वापरतात. तिच्यात ‘फिल व्हॅल्यू’ म्हणून एक खूण असते. जिथे मोजमाप झालेच नाही तिथे शून्य भरत नाहीत, ही खूण भरतात. पुष्कळदा ती उणे ९९९ अशी असते. सरांनी विचारले, “असा विचित्र आकडा का निवडला असेल?” उत्तर सोपे आहे. ३१ दिवसांच्या महिन्यात ३०० मिलिमीटर पाऊस झाला आणि चुकून एक उणे ९९९ त्या बेरजेत गेला, तर रोजची सरासरी उणे बावीसच्या आसपास येते. उणे पाऊस कधी पडत नाही, त्यामुळे चूक लगेच पकडली जाते. माझे शून्य मात्र कुणीच पकडू शकत नाही. ते अगदी खऱ्या आकड्यासारखे दिसते.

हे फक्त अमेरिकेपुरते नाही. पुण्याच्या हवामान विभागाने १९०१ पासूनचा भारताचा रोजचा पाऊस चौकोनी जाळीच्या नकाशात मांडला आहे. त्यासाठी ६९५५ पर्जन्यमापन केंद्रांच्या नोंदी वापरल्या आणि तो नेटसीडीएफमध्येही मिळतो. आमच्या शाळेचे रजिस्टर त्यात जात नाही, हे सुदैव. पण त्या हजारो केंद्रांवरही रोज सकाळी कुणीतरी माणूसच छत्री घेऊन मोजायला गेला असेल. मोजायला न जाता त्यानेही माझ्यासारखे शून्य लिहिले असते तर?

असल्या कंटाळवाण्या कामातून काय निघते, याचे एक उदाहरण आहे. जोनाथन शँकलिन हा तरुण १९७७ साली ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेमध्ये कामाला लागला. हाताने लिहिलेल्या ओझोनच्या जुन्या नोंदींचा ढीग संगणकात भरणे आणि त्यासाठी प्रोग्रॅम लिहिणे हे त्याचे काम होते. १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी अंटार्क्टिकावरचा ओझोन विरळ होत असल्याचे जगाला सांगितले. त्याच काळात नासाच्या उपग्रहालाही फार कमी आकडे दिसले होते, पण प्रोग्रॅमने ते संशयास्पद म्हणून बाजूला ठेवले होते. बाजूला ठेवले होते, पुसले नव्हते. म्हणूनच नंतर ते पुन्हा तपासता आले आणि शोध खरा ठरला.

मित्रांपैकी काही जण म्हणतात, “आपल्याला एनडीएत जायचंय, सॉफ्टवेअरशी काय संबंध?” संबंध आहे. पहिला संगणकीय हवामान अंदाज १९५० साली ज्या एनियाक यंत्रावर काढला, ते यंत्र मुळात अमेरिकी सैन्याच्या तोफांचे तक्ते तयार करण्यासाठी बांधलेले होते. आणि उद्या आपल्यातला कुणी पायलट होईल तेव्हा तो कुणाच्या तरी नोंदीवर विश्वास ठेवूनच उड्डाण करील. पालकांना वाटेल की सुट्टी वर्षातून एकदा येते, त्यात मुलाने कोचिंग करावे. करावे. मी फक्त दोन आठवडे मागतो आहे.

बोल्डरची इंटर्नशिप कॉलेजच्या मुलांसाठी आहे. आम्ही पंधरा वर्षांचे. पण तसे काम इथेही होऊ शकते. आमच्या पावसाच्या रजिस्टरांचे गठ्ठे कपाटात पडून आहेत. पुढच्या सुट्टीत चार कॅडेट्सनी ते संगणकात भरावेत. एकच पान दोघांनी वेगवेगळे भरायचे, तिसऱ्याने दोन्ही जुळवायचे आणि चौथ्याने सरासरी काढणारा प्रोग्रॅम लिहायचा. जिथे नोंद नाही तिथे ‘मोजले नाही’ अशी खूण करायची.

आणि इथेच मला इन्स्ट्रक्टर सरांना आदराने एक विनंती करायची आहे. रिकामा रकाना दिसला की पिट्टू परेड मिळते. शून्य लिहिले तर काहीच होत नाही. मग कॅडेट काय लिहील? ड्युटी चुकवल्याची शिक्षा जरूर असावी. पण ‘मी मोजले नाही’ असे स्वतः लिहिणाऱ्याला आणि खोटा आकडा लिहिणाऱ्याला एकाच मापाने मोजू नये. नाहीतर रजिस्टर दिसायला पूर्ण राहील आणि कामाचे राहणार नाही.

हा लेख देण्याआधी मी सरांना सगळे सांगितले. त्यांनी रजिस्टर काढायला लावले. मी त्या सहा शून्यांवर एकेक रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी, आणि शेजारी ‘मोजले नाही’ असे लिहून आजच्या तारखेची सही केली. शिक्षाही झाली, ती योग्यच होती. पण एक गोष्ट दुरुस्त झाली नाही. रविवारी बाटलीत सहा दिवसांचा एकत्र पाऊस होता. तो तसा लिहिला असता तरी चालले असते. त्या आठवड्यात इथे किती पाऊस पडला, हे आता कुणालाच कळणार नाही.