कापसाआधी कागद



1972 साली एकाधिकार खरेदी आली आणि सरकार आपला कापूस राज्याच्या सीमेवर अडवू लागले. एकाधिकार गेला, सीमा मोकळी झाली. आता अडवणूक कागदावर होते. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याला 8110 रुपये क्विंटल हमीभाव जाहीर झाला. पण कापूस महामंडळाला माल द्यायचा तर आधी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी, आधार, सातबारा आणि त्यावर कापसाचा पेरा. हा पेरा 2021 पासून शेतकऱ्यानेच फोटो काढून ई-पीक पाहणीत चढवायचा. तलाठ्याचे काम आपल्याकडे आले, पगार मात्र तिकडेच राहिला!

भंडारा धानाचा जिल्हा. ऑनलाइन नोंदणीचा हा फेरा धानवाल्यांना आधीच ठाऊक आहे. खरा मार बसतो ठेक्याने-बटईने वाहणाऱ्याला. घाम त्याचा, सातबारा मालकाचा. मग हमीभाव कोणाचा? तो बिचारा खाजगी व्यापारी देईल त्या भावाला माल टाकून मोकळा होतो.

बाहेरही हेच वारे आहे. 2021 च्या कायद्याने अमेरिकेने चीनच्या शिनच्यांगचा कापूस रोखला, तेव्हापासून कपडेवाल्यांना धाग्याचे मूळ दाखवावे लागते. पुरावा ज्याला हवा, त्याचा खर्च त्यानेच करावा, ही आपली मागणी रास्त आहे.

आणि कागद दोन्ही बाजूंनी हवा. ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की कपात, 12 च्या वर माल परत. तो आकडा लिहून मागा. ज्यांचा माल परत गेला, त्यांनी काटापावती घेऊन जिल्हा बैठकीला यावे. बटईदारांनी तर यावेच.