भाजलेल्यांचे पहिले आठ तास

मध्य प्रदेशातील जबलपूर शहरात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, शल्यविशारद आहेत. तेथून सुमारे पन्नास किलोमीटरवरील आदिवासीबहुल कुंडम तालुक्यात चुलीपाशी एखाद्या स्त्रीच्या लुगड्याने पेट घेतला, तर तिच्या जगण्यामरण्याचा निकाल बहुधा या महाविद्यालयाच्या दारात पोहोचण्यापूर्वीच लागतो.

देशात दरवर्षी सुमारे ७० लाख लोक भाजतात व १ लाख ४० हजार दगावतात, असा खुद्द सरकारी कार्यक्रमातील अंदाज आहे. यांत चुलीशी, स्टोव्हशी आणि सासरच्या छळाशी बांधलेल्या स्त्रिया किती, हे कष्टकरी जनतेला सांगावयास नको. परंतु बाराव्या योजनेतील राष्ट्रीय कार्यक्रमाचा भर राहिला तो वैद्यकीय महाविद्यालये व जिल्हा रुग्णालये यांवर. तालुक्याने काय करावयाचे? चिठ्ठी लिहून रुग्ण पुढे धाडावयाचा!

वस्तुतः सुरुवातीचा उपचार तालुक्यातच झाला पाहिजे. भाजलेल्या भागावर वीस मिनिटे साध्या थंड पाण्याची धार धरावी. तीन तासांपर्यंत त्याचा उपयोग होतो. नळ नसेल तर तांब्याने ओतावे. सूज चढण्यापूर्वी बांगड्या, तोडे काढावेत. शाई, शेण, दंतमंजन, बर्फ यांपैकी काहीही लावू नये. जखम स्वच्छ कापडाने झाकावी व बाकीचे अंग उबदार ठेवावे.

खरी कसोटी सलाईनची. पन्नास किलो वजनाची स्त्री तीस टक्के भाजली, तर प्रचलित पार्कलंड सूत्रानुसार पहिल्या चोवीस तासांत तिला सुमारे सहा लिटर रिंगर लॅक्टेट लागते, व त्यातील तीन लिटर पहिल्या आठ तासांत. हे आठ तास भाजल्या क्षणापासून मोजावयाचे, रुग्णालयात पोहोचल्यापासून नव्हे. गाडीची वाट पाहण्यात तीन तास गेले, तर तेच तीन लिटर उरलेल्या पाचात द्यावे लागतात. लघवी मोजून हे प्रमाण कमीजास्त करावयाचे असते. यासाठी शल्यविशारद लागत नाही. शिकलेली परिचारिका, बाटल्या आणि मोजपात्र लागते. मात्र बंद खोलीत भाजलेला, आवाज घोगरा झालेला रुग्ण एक घटकाही थांबवू नये: त्याची श्वासनलिका सुजून बंद होऊ शकते. वीज वा रसायनाने भाजलेल्यांनाही पुढे पाठवावेच लागते.

मलमपट्टी महागच असली पाहिजे, हेही खरे नाही. मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयातील डॉ. केसवानी यांनी १९८५ साली उकडलेल्या बटाट्याच्या साली पट्टीवर चिकटवून जखमा झाकल्या. शीवच्या पालिका रुग्णालयातून पुढे केळीच्या पानांच्या पट्टीचा अनुभव प्रसिद्ध झाला. जखम ओलसर राहते, पट्टी चिकटत नाही, बदलताना रुग्ण किंचाळत नाही. अर्थात सर्व निर्जंतुक करूनच; घरी नुसती साल सोलून चिकटविणे धोक्याचे. ज्यात कंत्राटदाराला काही मिळत नाही, अशा उपायाचा उत्साह आरोग्यखात्याला कोठून यावा!

कुंडमसारख्या प्रत्येक तालुक्यातील रुग्णालयात रिंगर लॅक्टेटचा अखंड साठा, धनुर्वाताची लस, वेदनाशामके, प्रशिक्षित परिचारिका व रात्रीही निघणारी रुग्णवाहिका असलीच पाहिजे. आपापल्या तालुक्यातील साठ्याची पाहणी शाखांनी याच महिन्यात करावी व उणिवांची यादी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यापुढे शिष्टमंडळाने ठेवावी.