हमीच्या पाट्या आणि कला शाखेचे पदवीधर

‘सहा महिन्यांत प्रोग्रामर व्हा, नोकरीची हमी’ अशा जाहिराती म्हापशापासून मडगावपर्यंत डोळ्यांवर आदळतात, आणि मराठी वा इतिहास घेऊन पदवीधर झालेला गोमंतकीय तरुण त्यांपुढे थबकतो. सरकारी नोकरीच्या प्रतीक्षेत त्याची दोन-चार वर्षे गेलेली असतात. अशा वर्गाच्या शुल्कासाठी आईच्या बांगड्या गहाण पडल्याचेही आमच्या कानांवर आले आहे. (पूर्वी हमीची हीच पाटी टंकलेखनाच्या वर्गांवर टांगलेली असे; निदान तेथे बोटे तरी चालू लागत!)

कला शाखेच्या माणसाने संगणकाच्या वाटेस जाऊ नये, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. इसवी सन २००० च्या तारखांचा घोळ निस्तरण्यासाठी जगभर माणसे हवी होती, तेव्हा परक्या शाखांचे कितीतरी पदवीधर या व्यवसायात शिरले आणि टिकले. ग्राहकाला काय हवे ते समजून घेऊन नेमक्या शब्दांत मांडणे, तयार झालेली प्रणाली चिकाटीने तपासणे, ही कामे वाचनलेखनाची शिस्त लागलेला मनुष्य उत्तम करतो. मात्र नवशिक्याच्या वाट्यास येणारे किरकोळ काम आता कृत्रिम बुद्धिमत्ता करू लागली आहे. तेव्हा सहा महिन्यांची घोकंपट्टी कितपत पुरेल, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

आणि शिकण्यासाठी दागिने मोडावे लागतात, हेही खरे नव्हे. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’वरील पाठांना पैसा पडत नाही, प्रमाणपत्राच्या परीक्षेचे काय ते शुल्क. मद्रासच्या आयआयटीने २०२० साली घोषित केलेला डेटा सायन्सचा अभ्यासक्रम कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्यास खुला आहे. दहावीला गणित व इंग्रजी असावे आणि पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी, इतकेच. एमसीएला मात्र काही संस्थांत बारावीस अथवा पदवीस गणित लागते, ही गोष्ट कित्येकांना अर्ज भरतेवेळीच कळते. महाविद्यालयांनी ती पहिल्याच वर्षी का सांगू नये?

राहता राहिली ती हमी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकवणी वर्गांच्या फसव्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली असून, निवडीची किंवा नोकरीची खोटी आश्वासने देण्यास त्यांत मनाई आहे. मग या पाट्या अजून उभ्या कशा, असा आमचा राज्य शासनास सवाल आहे. तोवर पालकांनी हमी लेखी मागावी: पगार किती, नोकरी कोठे, न मिळाल्यास शुल्क परत केव्हा. लेखी देण्यास जो कचरेल, त्याच्या दारातून परत फिरावे. आणि फसगत झालीच असेल तर लाजून घरी बसू नये, राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाहिनीच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.