सीमाभागातील विधी प्रवेशपरीक्षा आणि वाचनाचा प्रश्न

चिकोडी तालुक्यातील सदलगा, शेजारची निपाणी आणि दूधगंगाकाठची गावे येथील मराठी शाळांतून आलेल्या विद्यार्थ्याने कायद्याच्या शिक्षणाचा विचार सुरू केला की त्याच्यासमोर तीन प्रवेशव्यवस्था उभ्या राहतात, आणि त्या तिन्हींचे नियम, भाषा व वेळापत्रक एकमेकांशी जुळत नाहीत. हुबळीच्या कर्नाटक राज्य विधी विद्यापीठाच्या कक्षेतील महाविद्यालयांत, म्हणजे बेळगावच्या राजा लखमगौडा विधी महाविद्यालयासारख्या जुन्या संस्थेतही, पी.यू.सी.नंतरच्या पाच वर्षांच्या किंवा पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला आधीच्या परीक्षेतील गुणांवर प्रवेश मिळतो. कोल्हापूरच्या शहाजी विधी महाविद्यालयात अथवा पुण्याच्या आय.एल.एस.मध्ये जायचे असल्यास महाराष्ट्राची विधी सीईटी द्यावी लागते. तिच्यात प्रश्न इंग्रजीबरोबर मराठीतही असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. बेंगळुरूपासून मुंबई-नागपूरपर्यंतच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांची वाट मात्र २००८ पासून सुरू असलेल्या आणि आता त्या विद्यापीठांच्या संघाकडून घेतल्या जाणाऱ्या क्लॅट या परीक्षेतून जाते, आणि तिची भाषा केवळ इंग्रजी आहे.

या तीन वाटांपैकी पहिली सोपी, दुसरी जवळची आणि तिसरी आपल्यासाठी नव्हे, अशी एक समजूत या भागातील मार्गदर्शक शिक्षकांमध्ये आणि शिकवणी वर्गांमध्ये रुळलेली दिसते. समजुतीचा पहिला भाग बऱ्याच अंशी खरा आहे, परंतु तिसरा भाग तपासून न पाहताच स्वीकारला गेला आहे, आणि त्याला कारण परीक्षेच्या स्वरूपाविषयीची जुनी माहिती हे आहे. २०२० पासून क्लॅटचे रूप मुळातून बदलले. सुट्या प्रश्नांची जागा उताऱ्यांनी घेतली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये झालेल्या परीक्षेपासून प्रश्नांची संख्या १५० वरून १२० वर आली. इंग्रजी भाषा, चालू घडामोडी व सामान्यज्ञान, विधिविषयक तर्क, सामान्य तर्क आणि प्राथमिक गणित हे पाच भाग आहेत, वेळ दोन तासांचा आहे, आणि प्रत्येक चुकीच्या उत्तरामागे पाव गुण वजा होतो. एक उतारा साधारण ४५० शब्दांचा आणि त्यावर पाचेक प्रश्न, असा हिशेब केला तर गणिताचे लहान उतारे धरूनही विद्यार्थ्याला दोन तासांत नऊ-दहा हजार इंग्रजी शब्द वाचून त्यांवर विचार करावा लागतो. ही परीक्षा पाठांतराची राहिलेली नाही. ती वाचनाच्या वेगाची आणि वाचलेल्यातून नेमके तेवढेच काढण्याची झाली आहे. तरीही ‘महत्त्वाचे एक हजार प्रश्न’ अशा छापाच्या पुस्तिका घोकून घेणारे वर्ग चालू आहेत, आणि पालक त्यांचे शुल्क भरत आहेत.

विधिविषयक तर्क याचा अर्थ कायद्याचे पूर्वज्ञान असा नाही. उताऱ्यात एखादे तत्त्व, म्हणजे कायद्याचा किंवा न्यायनिर्णयाचा नियम, सांगितलेले असते. त्यानंतर काही तथ्ये, म्हणजे घडलेल्या गोष्टी, दिलेल्या असतात. आणि ते तत्त्व त्या तथ्यांना लावल्यास काय निष्पन्न होते, एवढेच विचारलेले असते. भारतीय न्याय संहितेची कलमे पाठ असणाऱ्याला येथे विशेष लाभ होत नाही. उलट, उताऱ्यात नसलेले ज्ञान उत्तरात मिसळल्याने नुकसान होण्याचाच संभव अधिक असतो.

येथेच सीमाभागातील शिक्षकाच्या हाती एक साधन आहे, ज्याचा वापर जवळजवळ कोणीच करत नाही. या पट्ट्यातील विद्यार्थ्याच्या घरात कायदा रोज बोलला जातो, फक्त तो कायदा म्हणून ओळखला जात नाही. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ हे त्याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. या आदेशानुसार, वेगळा लेखी करार नसेल तर, ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत कारखान्याने किंमत चुकती करावयाची असते, आणि विलंब झाल्यास वार्षिक १५ टक्के दराने व्याज द्यावे लागते. हे तत्त्व इंग्रजी उताऱ्यात मांडून त्यापुढे अशी तथ्ये ठेवावीत की एका शेतकऱ्याने ४५ दिवसांनी रक्कम स्वीकारण्याच्या लेखी करारावर सही केली, ४० व्या दिवशी त्याला पूर्ण रक्कम मिळाली, आणि तो व्याज मागत आहे. ऊस पिकवणाऱ्या घरातील विद्यार्थी बहुधा क्षणाचाही विचार न करता व्याज मिळाले पाहिजे असे उत्तर देईल, कारण थकलेल्या बिलांचा राग त्याने जवळून पाहिलेला असतो. आणि ‘वेगळा लेखी करार नसेल तर’ हे शब्द वाचूनही न वाचल्यासारखे सुटून जातील. परक्या विषयावरील उताऱ्यात ही चूक केवळ भाषेच्या अडचणीत लपते. ओळखीच्या विषयावरील उताऱ्यात भाषा आड येत नाही, आणि म्हणून नियमातील अपवाद कोठे सुटला हे विद्यार्थ्याला स्वतःला दिसते.

सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने परराज्यात ऊस नेण्यावर बंदी घातली आणि ती लवकरच मागे घेतली. देशभर व्यापार मुक्त असावा असे सांगणारे संविधानाचे कलम ३०१ आणि राज्यांना त्यावर काही निर्बंध घालू देणारे कलम ३०४ यांवर यापेक्षा चांगला सराव उतारा पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. कृष्णेच्या पाण्यावरील बच्छावत लवाद, निपाणीच्या विडी उद्योगाला २०२५ पर्यंत लागू असलेला १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा, प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याविषयीचे कलम ३५० अ, अशी ही सामग्री विपुल आहे. खुद्द सीमाप्रश्न त्यातच येतो. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला मूळ दावा कलम १३१ खालील आहे, म्हणजे दोन राज्यांमधील वाद थेट सर्वोच्च न्यायालयापुढे नेण्याच्या तरतुदीखालील. आणि राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार कलम ३ ने संसदेला दिलेला असताना असा दावा चालू शकतो का, हा त्यातील एक मूलभूत प्रश्न आहे. या उताऱ्यावर मराठी घरातील विद्यार्थ्याला आपली इच्छा आणि उताऱ्यातील युक्तिवाद यांत रेघ ओढावी लागते. हे अवघड आहे, आणि म्हणूनच ते वर्गात करून घ्यावे. चर्चा प्रथम मराठीत व्हावी, उतारा मात्र इंग्रजीतच असावा. मराठीत भाषांतर करून दिलेला उतारा क्लॅटच्या दृष्टीने सरावच नव्हे.

सामान्यज्ञानाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. वर्षभर एक इंग्रजी आणि एक मराठी दैनिक नेमाने वाचणाऱ्यास उताऱ्याचा संदर्भ लागतो. गणिताचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास असून तो दहावीच्या पातळीवरील शेकडेवारी, गुणोत्तर व सरासरी यांपलीकडे जात नाही, तरी कला शाखेचे विद्यार्थी हा भाग घाबरून सोडून देतात, हे टाळता येण्यासारखे आहे.

कागदपत्रांचा प्रश्न मात्र सीमाभागात अभ्यासाइतकाच महत्त्वाचा ठरतो. बेंगळुरूच्या राष्ट्रीय विधी शाळा विद्यापीठात कर्नाटकातील विद्यार्थ्यांसाठी २५ टक्के समांतर आरक्षण आहे, आणि त्यासाठी पात्रता परीक्षेपूर्वी कर्नाटकातील मान्यताप्राप्त शाळा-महाविद्यालयांत किमान दहा वर्षे शिक्षण झालेले असावे लागते. घर कोठे आहे यावर ते ठरत नाही. सदलग्यात राहून शाळेसाठी रोज इचलकरंजीला जाणारा विद्यार्थी या अटीत बसत नाही, तर मराठी माध्यमातून परंतु कर्नाटकातच शिकलेला विद्यार्थी बसतो. दुसरीकडे महाराष्ट्रातील काही व्यावसायिक प्रवेशांत वादग्रस्त ८६५ गावांतील मराठी भाषक उमेदवारांसाठी स्वतंत्र उमेदवारी प्रकार असतो. आपले गाव त्या यादीत आहे का आणि त्या वर्षीच्या विधी प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत हा प्रकार धरला आहे का, हे मूळ कागद पाहून ठरवावे, शेजारच्याच्या अनुभवावरून नव्हे. दोन्ही राज्यांचे लाभ एकाच विद्यार्थ्याला मिळतील असे गृहीत धरून केलेली आखणी बहुतेक वेळा शेवटच्या महिन्यात कोसळते.

क्लॅट डिसेंबरच्या आरंभी, पी.यू.सी. द्वितीय वर्षाची परीक्षा त्यानंतर वसंतात आणि महाराष्ट्राची सीईटी त्याही पुढे, असा क्रम असल्याने तयारी पी.यू.सी.च्या पहिल्या वर्षीच सुरू झाली पाहिजे. डिसेंबरपर्यंत कमावलेले वाचन पुढे सीईटीलाही उपयोगी पडते, याउलट केवळ सीईटीसाठी केलेले पाठांतर क्लॅटला पुरत नाही. या काळात कन्नड सोडू नये, असा आग्रहही मार्गदर्शकांनी धरला पाहिजे, जरी तो अनेक मराठी घरांत आवडणार नाही. चिकोडी-निपाणीच्या न्यायालयांत कामकाजाची भाषा कन्नड आहे आणि तेथील अपील धारवाडच्या खंडपीठाकडे जाते, तर पलीकडे जयसिंगपूर-इचलकरंजीत मराठी चालते आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ बसू लागले आहे. मराठी, कन्नड आणि इंग्रजी या तिन्ही भाषांत कागद वाचू शकणाऱ्या वकिलाची उणीव या दोन्ही बाजूंच्या पक्षकारांना जमिनीच्या आणि कारखान्यांच्या दाव्यांत सतत भासत असते.