निकाल गादीवरच!

'महाराष्ट्र केसरी' आली की आमच्या पारावरही कुस्तीच्या गप्पा रंगतात. 1961 पासूनच्या या स्पर्धेत आज माती व गादी असे दोन विभाग आहेत. दोन्हींचे विजेते अखेर भिडतात ते मात्र गादीवर. 2023 साली पुण्यात मातीचे महेंद्र गायकवाड गादीच्या शिवराज राक्षे यांच्याकडून मिनिटाच्या आत चीत झाले.

गडचिरोलीकडच्या माझ्या गावची पोरे धानाच्या बांधीत घुमतात. गादी त्यांनी पाहिलेलीही नाही. घरातून पहिलाच कॉलेजात आलेल्या माझेही तेच: तयारी मातीत, परीक्षा गादीवर!

मित्रहो, मातीचे गोडवे पुरे झाले. तालुक्याच्या गावी एक तरी गादी अंथरा. मग हरलो, तर दोष आमचा.