१,७०२ कोटींचा संघ तीन वर्षांत का बंद पडला? होमस्टे काढण्याआधी हे वाचा



मे महिना आला की आपल्या सिंधुदुर्गात गावागावांत क्रिकेटच्या लीग सुरू होतात. खेळाडूंचा लिलाव होतो, संघमालक ठरतात, टी-शर्टवर नाव छापलं जातं. हौस म्हणून ते ठीकच आहे. पण ज्यांचा धंदाच संघ चालवण्याचा आहे, त्यांचं काय होतं ते एकदा बघा. कारण तिथं जे घडतं, तेच तारकर्लीच्या होमस्टेत आणि मालवणच्या खानावळीतही घडतं.

आपल्या महाराष्ट्राचंच उदाहरण घ्या, पुणे वॉरियर्स. मार्च २०१० मध्ये सहारा समूहाने हा आयपीएल संघ ३७ कोटी डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या साधारण १,७०२ कोटी रुपयांना घेतला. ही रक्कम दहा वर्षांत द्यायची होती. म्हणजे वर्षाला सरासरी १७० कोटी. खेळाडू, प्रवास, हॉटेल हा सगळा खर्च वेगळा.

आता कमाई बघू. सहाराचं म्हणणं होतं की आम्ही हंगामात ९४ सामने धरून बोली लावली. पहिल्या हंगामात झाले ७४. म्हणजे घरच्या मैदानावर नऊच्या जागी सातच सामने. तिकिटं आणि मैदानावरच्या जाहिराती यांची कमाई याच सामन्यांवर असते. नऊ सामने धरले तर फक्त फीचा बोजा एका सामन्यामागे १९ कोटी, सात झाले की २४ कोटी. टीव्हीच्या पैशातला वाटा मिळतो, पण तो किती हे संघ ठरवत नाही. फी कमी करा, यावरून बीसीसीआयशी वाद सुरू झाला. मे २०१३ मध्ये बँक गॅरंटी वटवली गेली, सहाराने बाहेर पडायचं जाहीर केलं आणि ऑक्टोबरमध्ये करार संपला. तीन हंगामांत खेळ आटोपला.

आता लोक म्हणतात, "भाव चुकला, हावरटपणा नडला." मला हे पटत नाही. २०२१ मध्ये लखनौचा संघ ७,०९० कोटींना गेला आणि अहमदाबादचा ५,६२५ कोटींना. त्यापुढे १,७०२ कोटी स्वस्तच म्हणायचे! म्हणजे धंदा चांगला होता, अंदाजही फार चुकला नव्हता. पण चांगले दिवस येईपर्यंत हप्ते भरत राहायची तयारी टिकली नाही. माझं मत स्पष्ट आहे: धंदा बहुतेक वेळा स्वप्न मोठं असल्यामुळे बुडत नाही. हप्त्याची तारीख आधी येते आणि गिऱ्हाईक नंतर, म्हणून बुडतो.

हे फक्त क्रिकेटचं नाही. एफसी पुणे सिटी हा फुटबॉल संघ २०१४ मध्ये उभा राहिला आणि पैशाच्या अडचणीत २०१९ ला बंद झाला. त्याची जागा हैदराबादने घेतली. तिकडे अमेरिकेत, ॲरिझोनाच्या वाळवंटात आइस हॉकीचा संघ होता. २००९ मध्ये त्याने दिवाळखोरीचा अर्ज केला. शेवटची दोन वर्षं तो एका विद्यापीठाच्या जेमतेम पाच हजारांच्या मैदानात खेळला आणि २०२४ मध्ये खेळाडूंसकट युटाला गेला. हक्काचं मैदान नाही आणि खर्च मात्र मोठ्या लीगचा!

मग टिकतं कोण? शेजारच्या गोव्यात बघा. धेंपो क्लब पाच वेळा देशाचा फुटबॉल विजेता. २०१६ मध्ये राष्ट्रीय लीगची रचना बदलायचं ठरत होतं, ते न पटल्याने क्लब तिथून बाहेर पडला. पण क्लबला कुलूप लावलं नाही. गोव्यातल्या स्पर्धा आणि तरुण मुलांची तयारी चालू ठेवली. २०२४ मध्ये तोच क्लब पुन्हा आय-लीगमध्ये उतरला. खर्च लहान करता आला, म्हणून परत यायला वाट राहिली.

आता तुमच्याकडे येऊ. समजा, तुम्ही चार खोल्यांचं घर महिना ३०,००० भाड्याने घेऊन होमस्टे सुरू करताय. वर्षाचे झाले ३,६०,०००. पावसाळ्यात समुद्रातलं पर्यटन बंद. मग दिवाळी, नाताळ, शनिवार-रविवार आणि मे धरून खोल्या भरलेले दिवस किती? १२० धरा. म्हणजे अशा प्रत्येक दिवशी ३,००० रुपये, खोलीमागे ७५०, नुसत्या भाड्याचे. वीज, चादरी धुणं, बुकिंग ॲपचं कमिशन, घावणे-चटणी अजून बाकीच आहे. आणि १२० चे ९० दिवस झाले तर? दिवसाचे ४,०००. तुमचे "७४ सामने" ते हेच.

म्हणून सही करण्याआधी तीन गोष्टी वहीत लिहा. मनात नको, वहीतच.

१. एकही गिऱ्हाईक आलं नाही तरी दर महिन्याला किती जाणार?

२. कमाईची किल्ली कोणाच्या हातात आहे? ॲप, एजंट, की हवामान? त्याने नियम बदलला तर काय कराल?

३. जून ते सप्टेंबर घरात पैसा न येता हप्ते कुठून भरणार? इथं "होतला रे" हे उत्तर चालत नाही.

तिसऱ्याचं उत्तर "आईचे दागिने" असेल, तर चारऐवजी दोन खोल्यांनी सुरुवात करा. घरमालकाशी हंगामापुरतं भाडं बोला, किंवा भाड्याऐवजी कमाईतला वाटा द्या. काही जण म्हणतील, "एवढा छोटा विचार?" म्हणू देत. दोन खोल्यांवर तीन पावसाळे काढलेला माणूस पाचव्या वर्षी सहा खोल्या बांधू शकतो. पहिल्याच पावसाळ्यात दागिने गेले, तर पुढच्या हंगामात गिऱ्हाईक येईल, पण ते शेजाऱ्याकडे.

तुमचा आकडा काढा आणि कमेंटमध्ये लिहा. नुसतं "छान व्हिडिओ" नको, आकडा लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यावरच बोलू.