जुनी व्हॅन डुलते? पाटा वाढवण्याआधी एवढे पाहा



सकाळी डेअरीला दूध, दुपारी बाजाराला भाजी आणि सणावाराला घरची माणसे, अशी सगळी कामे करणारी व्हॅन पुष्कळ वस्त्यांवर दिसते. बहुधा ती मारुती ओम्नी असते. १९८४ साली आलेली ही गाडी २०१९ साली बनायची बंद झाली. म्हणजे आज चालते ती प्रत्येक ओम्नी जुनीच. "गाडी वळणावर अंग टाकते," अशी तक्रार निघाली की कुणीतरी सांगतो, "मागे एक पाटा वाढव." हा सल्ला घाईने मानू नका.

आधी कारण समजून घ्या. ही गाडी रुंदीला कमी आणि उंचीला जास्त आहे. वळणावर गाडीला बाहेर ढकलणारा जोर वेग दुप्पट झाला की चौपट होतो. २० च्या वेगाने सहज घेतलेले वळण ४० ने घ्याल, तर चौपट जोर लागेल. त्यातच ओझे उंचावर असेल, तर गाडी आणखी कलते.

म्हणून पहिला उपाय बिनखर्चाचा. टपावरच्या कॅरियरवर पोती लादू नका. जड माल तळाला, दोन्ही बाजूंना सारखा आणि मागच्या चाकांच्या पुढे ठेवा. सगळे वजन मागच्या दाराशी गेले की पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग नीट ऐकत नाही. ४० लिटरचा दुधाचा कॅन भरला की ४० किलोच्या वर जातो. असे कॅन दोराने घट्ट बांधा. दोन कॅन अर्धे ठेवण्यापेक्षा एक पूर्ण भरा. अर्ध्या कॅनमधले दूध हिंदकळते आणि गाडीला झोले देते.

दुसरे, हवा. टायर थंड असताना गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाने हवा भरा. कमी हवेचा टायर वळणावर कडेला दबतो. एका एक्सलवर एक रेडियल आणि एक साधा टायर कधीही ठेवू नका.

तिसरे, शॉकअप. गाडीचा कोपरा जोराने दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबली तर ठीक. दोन-तीनदा उसळत राहिली किंवा शॉकअपवर तेल ओघळलेले दिसले, तर तो गेला समजा. एका एक्सलवरचे दोन्ही शॉकअप बरोबरच बदलावेत.

चौथे, मागचे पाटे. तडा गेलेला पाटा, झिजलेले रबरी बुश आणि सैल यू-बोल्ट हे तिन्ही दोष शोधा. बुश झिजले की एक्सल जागच्या जागी सरकतो आणि गाडी शेपूट हलवल्यासारखी चालते. बुशचा खर्च थोडा आणि गुण मोठा. पाट्यांचे काम झाल्यावर थोडे अंतर चालवून यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या.

पाचवे, पुढची चाके. सपाट जागी मागच्या चाकांना दगड लावा, गाडी जॅकवर उचला आणि खाली भक्कम घोडी द्या. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली हात घालू नका. चाक वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडे. खडखड जाणवली तर बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा स्टिअरिंगचे सांधे मेस्त्रीकडून तपासून घ्या. हे काम उद्यावर टाकू नये.

एवढे करूनही मागची बाजू दबत असेल, तर बहुतेक वेळा ओझेच जास्त असते. पाटा वाढवला म्हणून ब्रेक, टायर आणि एक्सल यांची ताकद वाढत नाही. उलट रिकामी गाडी खडबडीत रस्त्यावर उसळते आणि मागचे टायर जमीन सोडू लागतात. आर.सी. बुकात भरलेल्या व रिकाम्या गाडीचे वजन दिलेले असते. त्यांतला फरक एवढेच ओझे, आणि त्यात बसलेली माणसेही आली.

ज्या गाडीतून दूध जाते, तिच्यातूनच आपली लेकरे शाळेला जातात. येत्या बाजाराच्या आदल्या दिवशी अर्धा तास काढा, हवा आणि शॉकअप पाहा, आणि टपावरचे ओझे खाली घ्या.